ऋणफेडीचा क्रम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या समाजात विवाह, शिक्षण, नोकरी या विषयांवर मोकळेपणी बोलले जाते. घरच्या कर्जाविषयी मात्र मौन पाळले जाते. कार्यवाहांनी आम्हां उभयतांस याच विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. परंतु उपदेश करण्यापेक्षा घरचा हिशेबच आपणांपुढे मांडावा, असे ठरवून आलो आहोत.

2023 साली तीर्थरूपांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ते आज सुखरूप आहेत. त्या वर्षअखेर आमच्यावर चार ऋणे होती: क्रेडिट कार्डाचे 80,000 रुपये, दागिने तारण ठेवून काढलेले दीड लाख, पतसंस्थेचे दोन लाख, आणि मामांनी विनाव्याज दिलेले 60,000. घरखर्च भागवून दरमहा 22,000 रुपये बाजूस काढता येत होते. प्रश्न होता तो कोणाचे आधी द्यावयाचे, हा.

घरात मतभेद झाला. मातोश्री म्हणत, भावाचे आधी द्या. त्याच्यासमोर मान वर करून उभे राहता आले पाहिजे. तीर्थरूपांना घरचे सोने परक्याच्या तिजोरीत पडलेले बघवत नव्हते. कार्डाची चिंता कोणालाच नव्हती, कारण कार्डवाला दारात येत नाही आणि लग्नकार्यात भेटत नाही!

मग आम्ही कागद घेऊन बसलो. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे 2,800 रुपये; त्या व्याजावर 18 टक्के जी.एस.टी., म्हणजे आणखी 504. महिन्याला 4,000 रुपये भरून समाधान मानले असते, तर मुद्दलात 696 रुपयेच जमा झाले असते. काहीच न भरता ती रक्कम सतरा-अठरा महिन्यांत दुप्पट होते. आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये म्हणून दामदुपटीचा निर्बंध घातला होता. या प्लॅस्टिकच्या सावकाराला तो ठाऊक नाही. उलट सोन्यावरील व्याज महिना एक टक्का, आणि मामांचे तर शून्य.

तेव्हा पतसंस्थेचा सुमारे 4,650 रुपयांचा हप्ता आणि सोन्याचे 1,500 रुपये व्याज नियमाने भरून, उरलेले सर्व कार्डात घातले. कार्डावरील खरेदी पूर्ण थांबविली. बाकी थकली असता नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते, हे पुष्कळांस माहीत नसते. सहाव्या महिन्यात, जून 2024 मध्ये, कार्ड संपले.

खरे अवघड काम हिशेबाचे नव्हते. मामांकडे जाऊन, तुमचे पैसे सातव्या महिन्यापासून दरमहा 5,000 प्रमाणे देऊ, हे तोंडाने सांगावयाचे होते. मामा म्हणाले, ‘‘दोघांनी येऊन तारीख सांगितलीत, हेच पुष्कळ. न सांगता टाळणारे आमच्या वहीत बरेच आहेत.’’ मातोश्रींचा जीव तेव्हा भांड्यात पडला.

दुसरी अडचण आहेराची. त्या काळात ज्ञातीतील सात लग्नांस जावे लागले. प्रत्येक ठिकाणी नारळ आणि 101 रुपये, एवढेच दिले. एका घरी कुजबुज झाली, ती कानांवर आली. मात्र दोन घरांनी पुढे आपल्या कार्यात आहेर घेणेच बंद केले, याचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. ती मंडळी येथे बसलेली आहेत.

जुलै 2025 मध्ये दागिने घरी आले. त्याआधीच्या महिन्यात मामांचा शेवटचा हप्ता पोहोचला होता. आता पतसंस्थेचे ऋण तेवढे उरले आहे. मुदतीपूर्वी फेडल्यास काही आकार लागतो काय, हे लेखी विचारून घेतले असून, पूर्ण 22,000 आता तिकडेच जातात.

तो हिशेबाचा कागद आम्ही सोबत आणला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांनी भोजनानंतर अवश्य भेटावे.