अकाली बंद पडलेल्या मालिका
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजणींना हसू आले असेल. ‘मालिका अकाली बंद पडतात कुठल्या? त्या तर संपता संपत नाहीत!’ असे आपण रोजच म्हणतो. पण मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या काही मालिकांविषयी. त्या चांगल्या होत्या, पण पुरते बाळसे धरण्याआधीच गुंडाळल्या गेल्या. त्यांची कहाणी आपल्या मंडळाच्याही उपयोगाची आहे, म्हणून हा विषय घेतला.

चांगली वस्तू बंद का पडते, हे आधी पाहू. तिकडच्या मोठ्या वाहिन्या जाहिरातींवर चालतात. प्रेक्षक पैसे देत नाही, जाहिरातदार देतो. किती लोक पाहतात, एवढाच त्याचा प्रश्न असतो. ही मोजदाद नीलसन नावाची कंपनी निवडक घरांवरून करते. १९८३ च्या सुमारास अशी घरे दोन हजारांहूनही कमी होती आणि त्यांवरून साऱ्या देशाची आवड ठरे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी ही रीत. शितावरून भात शिजला की नाही ते कळते. जेवणारा किती आवडीने जेवला, ते मात्र कळत नाही.

‘स्टार ट्रेक’चेच पाहा. अंतराळयानातून प्रवास करणाऱ्या मंडळींची ही मालिका १९६६ साली एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. ज्या डेसिलू कंपनीने ती उभी केली, तिची सूत्रे ल्युसिल बॉल या अभिनेत्रीच्या हाती होती. यानावरच्या अधिकाऱ्यांत एक कृष्णवर्णीय स्त्री होती. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. दुसऱ्या वर्षीच मालिका बंद होणार अशी वदंता उठली. तेव्हा ब्यो ट्रिंबल या बाईंनी आपल्या यजमानांसह प्रेक्षकांना पत्रे लिहिण्याची हाक दिली. इतकी पत्रे गेली की मालिका चालू राहील असे १९६८ च्या मार्चमध्ये वाहिनीला जाहीर करावे लागले. परंतु पुढच्या हंगामात तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तिचा तरुण प्रेक्षक त्या वेळी घराबाहेर असे. १९६९ साली ७९ भागांवर ती संपली. पुढे लहान लहान केंद्रांवरून तेच भाग पुन्हा दाखवले गेले, तेव्हा ती कमालीची लोकप्रिय झाली. १९७९ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि मागोमाग कितीतरी मालिका. पंगत उठल्यावर पाहुण्यांची रीघ लागावी, तसे झाले.

‘फायरफ्लाय’ची गत याहून वाईट. २००२ साली फॉक्स वाहिनीने तिचे भाग उलटसुलट क्रमाने दाखवले. कथेची सुरुवात ज्यात होती तो भाग डिसेंबरात, सर्वांच्या शेवटी! कादंबरीचे पहिले प्रकरण शेवटी हाती दिले, तर वाचक कथेत रमणार कसा? तयार झालेल्या १४ भागांपैकी त्या वेळी ११ दाखवले गेले आणि मालिका बंद झाली.

१९९४ साली एबीसीवर आलेली ‘माय सो-कॉल्ड लाइफ’ ही पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनाची कथा होती. विनी होल्झमन या लेखिकेने आई आणि मुलगी, दोघींचीही बाजू समजून घेऊन ती लिहिली. १९९५ च्या जानेवारीत नायिका क्लेअर डेन्स हिला गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले आणि त्याच महिन्यात मालिकेचा एकोणिसावा, शेवटचा भाग लागला. प्रेक्षकांनी खटपट केली, पण यश आले नाही.

आता जी वाचली तिची गोष्ट. ‘कॅग्नी अँड लेसी’ ही न्यूयॉर्कच्या दोन स्त्री-पोलीस गुप्तहेरांची कथा. बार्बरा ॲव्हेडन आणि बार्बरा कॉर्डे या मैत्रिणींनी ती रचली. १९८२ च्या मार्चमध्ये सीबीएसवर ती सुरू झाली. या बायका फार कठोर वाटतात, असे वाहिनीच्या लोकांना वाटू लागले आणि पहिल्या काही भागांनंतर दोघींपैकी एक नटीच बदलण्यात आली. पुरुष गुप्तहेर कठोर वाटतो म्हणून कोणी त्याला बदलल्याचे मी तरी ऐकलेले नाही! १९८३ साली मालिका बंद केली गेली. मग निर्माते बार्नी रोझेन्झवाइग यांच्या प्रयत्नाने हजारो पत्रे गेली, त्यांत स्त्रियांची पुष्कळ. उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा लागले तेव्हा प्रेक्षकही वाढले, आणि सप्टेंबरात टाइन डेली हिला एमी पारितोषिक मिळाले. वाहिनीने निर्णय फिरवला. १९८४ च्या मार्चमध्ये परतलेली मालिका १९८८ पर्यंत चालली. १२५ भाग झाले. १९८३ ते १९८८ अशी सलग सहा वर्षे प्रमुख अभिनेत्रीचे एमी पारितोषिक या दोघींपैकीच एकीला मिळत गेले.

मला याहून मोलाचे वाटते ते पुढचे. या पत्रांच्या चळवळीतून डोरोथी स्वॉन्सन या बाईंनी चांगल्या कार्यक्रमांच्या पाठीशी उभी राहणारी प्रेक्षकांची संस्था काढली. ती २००० सालापर्यंत चालली. एका मालिकेसाठी लिहू लागलेल्या बायका पुढे इतरांसाठीही लिहीत राहिल्या.

पत्राने प्रत्येक मालिका वाचतेच, असे मी म्हणणार नाही. ‘स्टार ट्रेक’ला एकच वर्ष मिळाले, ‘माय सो-कॉल्ड लाइफ’ला तेही नाही. पण मनातल्या मनात आवडणारीची गणती तर कोठेच होत नाही. आपल्याकडेही २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था निवडक घरांतल्या यंत्रांवरून मोजदाद करते. ते यंत्र आपल्या घरी असण्याचा संभव फार थोडा.

आपल्याला तक्रार करायची चांगली सवय आहे. भाजीत मीठ कमी पडले की घरातले लगेच सांगतात. चांगली झाली तर पातेले रिकामे होते, पण शब्द निघत नाही. हा अनुभव आपल्यापैकी कोणीला नाही? मग तोच न्याय आपण लेखक-कलावंतांना का लावावा?

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाच्या मासिक सभेत थोडी पोस्टकार्डे ठेवावीत. मालिका, नभोवाणीचा कार्यक्रम, नाटक, वर्तमानपत्रातले सदर, ज्या बहिणीला जे मनापासून आवडले असेल, त्याविषयी तिने तिथेच चार ओळी लिहाव्यात. काय आवडले ते नेमके लिहावे, खाली नाव घालावे आणि कार्ड त्याच दिवशी पेटीत टाकावे. बंद पडल्यावर हळहळण्यापेक्षा ती चार ओळींची मेहनत सोपी आहे.