नेमणुकीचा हुकूम आणि अकरा दिवस
(तरसाली येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथालयाची थोरवी ग्रंथसंख्येने मोजण्याचा मोह कोणासही होतो. परंतु ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये नेहमी एक माणूस उभा असतो. पुस्तक शोधून देणारा, नोंद करणारा, परत आलेल्या प्रतीची फाटलेली पाने चिकटविणारा तो माणूस कोठून आला, त्याला कोणी शिकविले, आणि संस्थेचे काम त्याला आपले का वाटले, हे प्रश्न शताब्दी-ग्रंथांतून क्वचितच विचारले जातात. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नांना 'मनुष्यबळ विकास' असे भारदस्त नाव आहे. शब्द काहीसा रुक्ष आहे. यंत्राची अश्वशक्ती मोजावी तशी माणसाची शक्ती मोजण्याचा वास त्याला येतो. तथापि त्यामागील विचार रुक्ष नाही.

तरसाली-मकरपुऱ्याच्या परिसरात, जेथे औद्योगिक वसाहतीचे भोंगे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील कानशींचे आवाज यांनी दिवस उगवतो, तेथे हा विषय परका नाही. जुन्या पिढीतील कामगारांना 'टाइम ऑफिस' आणि 'लेबर ऑफिसर' हे शब्द ठाऊक आहेत. हजेरी, रजा आणि दंड यांपलीकडे त्या खोलीशी फारसा संबंध येत नसे. मुंबईच्या गिरण्यांत तर भरतीचे सारे अधिकार दीर्घकाळ मुकादमाच्या हाती होते, आणि कामावर घेण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९३१ साली रॉयल कमिशनने आपल्या अहवालात कामगार-अधिकारी नेमण्याची शिफारस केली, ती मुख्यतः या दस्तुरीला आळा घालण्यासाठी. पुढे १९७५ च्या सुमारास अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रो कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि तो शब्द देशभर रूढ झाला. शब्द नवा असला तरी प्रश्न जुना आहे, आणि बडोद्याने त्याची दोन उत्तरे एकाच दशकात दिली. एक अभिमानाने सांगण्याजोगे आहे; दुसरे तसे नाही.

पहिले उत्तर ग्रंथालयांचे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अक्षरओळख झालेल्या माणसाला वाचावयास काही मिळाले नाही तर ती ओळख पुसली जाते, हे त्यांच्या ध्यानी आले होते. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, आणि १९१० साली विल्यम अॅलन्सन बोर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. बोर्डन यांनी इमारत आणि कपाटे यांच्याबरोबरच एक वर्ग सुरू केला. १९११ सालचा हा वर्ग म्हणजे हिंदुस्थानातील ग्रंथपालनाच्या शिक्षणाचा पहिला उपक्रम. येथील माणसांनी येथील ग्रंथसंग्रह येथील भाषांत चालवावयाचे, तर ते काम शिकलेली माणसे येथेच घडली पाहिजेत, हे त्यामागील सूत्र होते.

बोर्डन तीन वर्षांनी स्वदेशी परतले. परदेशी तज्ज्ञ गेला की त्याने मांडलेला संसार मोडतो, असा अनुभव आपल्याकडे अनेक खात्यांत आलेला आहे. येथे तसे झाले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर या तरुण मराठी अधिकाऱ्याने ग्रंथालय खात्याची धुरा उचलली, आणि खेड्यांच्या शाखेचे काम मोतीभाई अमीन यांनी पाहिले. मोतीभाईंनी तर सरकारी आधार मिळण्याच्या आधीच, १९०६ पासून, गावोगाव वाचनालये काढण्यास आरंभ केला होता. असा कार्यकर्ता खात्याबाहेर राहिला असता तर कदाचित टीकाकार झाला असता. राज्याने त्याला खात्यात घेतले, हे फार शहाणपणाचे झाले. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघू लागले. त्यामुळे दूरच्या गावातील ग्रंथपालासही आपण एकटे नाही, एका मोठ्या कामाचे भागीदार आहोत, असे वाटण्यास आधार मिळाला.

लोकांच्या सहभागाची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली होती. गावकऱ्यांनी खर्चाचा एक हिस्सा जमवावा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यावा आणि तेवढाच सरकारने, अशी ती तीन हिश्श्यांची योजना. ज्या गावाने रुपया रुपया गोळा केला त्याला ते वाचनालय सरकारचे वाटेना, आपले वाटू लागले. आजच्या परिभाषेत कर्मचाऱ्यांचे वा सभासदांचे 'समरस होणे' म्हणून ज्याचे वर्ग घेतले जातात, ते येथे वर्गणीच्या वहीतून साधले होते.

आता दुसरे उत्तर. तेही याच राजाच्या, याच शहरातील, आणि याच वर्षांतील आहे.

जून १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाने बडोदे सरकारशी करार केला. सरकारने त्यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी आणि त्यांनी परत आल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करावी, असा तो करार. कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये शिकून, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर, ते १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास रुजू झाले. पुढे त्यांना अर्थखात्याची मोठी जबाबदारी द्यावी असा महाराजांचा मनोदय होता. नेतृत्वाची इच्छा स्वच्छ होती, हुकूमही निघालेला होता.

कचेरीत काय घडले ते धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविले आहे. शिपाई कागदपत्रे त्यांच्या मेजावर लांबून टाकीत. ते उठून निघाले की जाजम गुंडाळले जाई. प्यावयास पाणी मिळत नसे. कामातून सवड मिळाली की ते सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचीत बसत, असेही कीर सांगतात. म्हणजे ज्या खात्याचा गौरव आताच झाला, त्या खात्याच्या छपराखाली दुसऱ्या खात्याचा अधिकारी आसरा घेत होता. या शताब्दीच्या सभेने हे चित्र विसरू नये.

राहण्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. शहरात त्यांना कोणी जागा देईना. अखेर पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले दहा-बारा लोक धर्मशाळेत आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्माविले. दोन परिचितांकडे विचारणा केली. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही घरातली अडचण पुढे केली. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. हे सारे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. आज त्या बागेतील ती जागा 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते.

काळच तसा होता, असे म्हणून हा प्रसंग बाजूस सारला जातो. ते उत्तर पुरे पडत नाही. करार १९१३ चा होता. हा माणूस परत येणार, कोणत्या समाजातून येणार आणि कोणत्या कचेरीत बसणार, हे राज्याला चार वर्षे आधी ठाऊक होते. त्या चार वर्षांत त्याच्या शिक्षणाचा खर्च काटेकोरपणे पाठविला गेला, पण तो परतल्यावर कोठे राहील, पाणी कोठे पिईल, ज्यांच्यावर तो अधिकार चालविणार त्या कारकुनांना आणि शिपायांना कोण काय सांगेल, यांपैकी एकही गोष्ट कोणाच्या कामाच्या यादीत नव्हती. शिपायाने कागद फेकला तर त्याला जाब विचारणे हे नेमके कोणाचे काम होते? राजाचा हुकूम दिवाणापर्यंत पोहोचला. त्याखालच्या पायऱ्यांवर तो कोणाचाच राहिला नाही.

ग्रंथालयांतील यश आणि कचेरीतील अपयश यांची तुलना करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गावात वाचनालय आल्याने कोणाचा मान कमी होत नव्हता. कचेरीतील बदल मात्र कारकुनाकडून जन्माने मिळालेला मोठेपणा मागत होता. केवळ एक प्रशिक्षणवर्ग काढल्याने तो मिळाला असता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. वर्गाच्या जोडीला नियम हवा होता, आणि नियम मोडणाऱ्यास ठपका येईल ही खात्री हवी होती. मनुष्यबळ विभागाचे काम स्नेहसंमेलने भरविण्याचे, असा जो समज अनेक कंपन्यांत आहे, त्याचे उत्तर येथेच सापडते.

तरसालीच्या प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला फिटर वा टर्नर पहिल्या दिवशी कारखान्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या खिशातही नेमणुकीचा कागद असतो. पहिल्या आठवड्यात जुना कारागीर त्याला जवळ करतो की 'पोरा, बाजूला हो' म्हणतो, यावर त्याची पुढील कित्येक वर्षे ठरतात. जेवणाच्या सुटीत त्याचा डबा कोणाच्या शेजारी उघडतो, हे कोणत्याही हजेरीपटावर लिहिलेले नसते. जाणता अधिकारी मात्र ते पाहून ठेवतो.

बडोदे सोडलेला तो अधिकारी पुढे जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर-सदस्य झाला. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका मेजाभोवती बसावे ही त्रिपक्षीय परिषदेची पद्धत त्या ऑगस्टपासून त्यांच्या अध्यक्षतेखाली आकारास आली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. त्याच वर्षीच्या स्थायी आदेशांच्या कायद्याने, शंभर वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत नोकरीच्या अटी लेखी आणि प्रमाणित असाव्यात, असे ठरले. त्यामुळे त्या अटी वरिष्ठाच्या मर्जीवर लोंबकळत राहण्याचे कारण उरले नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, स्वतंत्र भारतात, १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या एकोणपन्नासाव्या कलमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि मनुष्यबळ विभागाची आजची खोली त्या कलमातून निघाली असे म्हणता येईल. परंतु त्याच कायद्याचे अठरावे कलम अधिक बोलके आहे. प्रत्येक कारखान्यात सोयीच्या ठिकाणी सर्व कामगारांसाठी शुद्ध पाण्याची व्यवस्था असावी, अडीचशेहून अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात ते थंड असावे, आणि त्या जागेवर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' असे स्पष्ट लिहिलेले असावे, असे त्या कलमाने सांगितले.