पाणथळीचे सदाहरित झाड : जांभूळ

जांभूळ हे मुळात पाण्याकाठचे झाड. पूर्णेसारख्या नद्यांचे आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांचे काठ ही या झाडाची मराठवाड्यातली हक्काची जागा. चैत्र-वैशाखात माळावरचा साग, सालई बोडकी होतात. जांभळाच्या मुळांना ओल मिळत असली की त्याची सावली मात्र तशीच दाट राहते. त्याची पाने झडतच नाहीत असे नव्हे. जुनी गळत असतानाच तांबूस कोवळी पालवी येत राहते, म्हणून झाड उघडे पडत नाही.

वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सिझिजियम क्युमिनाय. लवंग याच प्रजातीतली, तर पेरू आणि निलगिरी त्याच्याच कुळातली. पान चुरगळले की उग्र वास येतो, तो पानातल्या तेलाचा. मार्च-एप्रिलमध्ये बारीक, हिरवट पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि झाडावर मधमाश्या घोंगावू लागतात. फळ पिकते जूनमध्ये, नेमके पेरणीच्या धांदलीत. पिकलेले जांभूळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून रानातल्या जांभळांचा मोठा वाटा झाडाखालीच सडतो. फांद्या ठिसूळ असतात. वर चढण्यापेक्षा खाली चादर धरून हलवणे शहाणपणाचे.

रानटी जांभूळ लहान, त्यात गर थोडा आणि बी मोठी. तुरटपणा टॅनिनचा, जिभेला चढणारा जांभळा रंग अँथोसायनिनचा. मीठ लावून खाण्याची रीत त्या तुरटपणावरचाच उतारा आहे. गराचे सरबत, जॅम होतात. रस आंबवून शिरका करतात. बियांची पूड मधुमेहावर घेण्याची चाल जुनी आहे, पण त्या भरवशावर डॉक्टरांचे औषध सोडणे धोक्याचे. मोठ्या, गरदार फळासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही जात दिली. तिच्या नावातले बहाडोली हे पालघर जिल्ह्यातले गाव जांभळासाठीच प्रसिद्ध आहे.

लाकडाचा गुण मात्र फारसा बोलला जात नाही. ते पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून पूर्वी विहिरीच्या बांधकामात तळाशी जांभळाचे लाकूड घालत. साल कातडी कमावण्यासाठी वापरली जाई.

बियांचा प्रसार पक्षी, वटवाघळे आणि उदमांजरे करतात. भारतातून हे झाड पार फ्लोरिडा आणि हवाई बेटांपर्यंत पोहोचले. हवाईत ते इतके फोफावले, की तिथे त्याची गणना उपद्रवी झाडांत होते. इथे उलट, काठावरचे जुने झाड तुटले की त्या जागी दुसरे क्वचितच लावले जाते. खरे तर लावणे अवघड नाही. एका बीतून कित्येकदा दोन-तीन रोपेही उगवतात. बीपासून वाढलेले झाड आठ-दहा वर्षांनी फळते, कलम त्याआधी. अट एकच : बी ताजी हवी. फळ खाल्ल्यावर ती धुऊन पंधरवड्याच्या आत ओलसर मातीत पेरावी. वाळवून ठेवलेली बी पुढच्या पावसाळ्यात उगवत नाही.