ब्रिजिडचा गवती क्रूस



जानेवारी सरत आला की आयर्लंडमधल्या कितीतरी प्राथमिक शाळांत ओल्या गवताच्या जुड्या येतात. पाणथळ रानातलं हे गवत, आपल्या लव्हाळ्यासारखं. १ फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस. वसंताची सुरुवात तिकडे परंपरेनं याच दिवसापासून धरतात. त्यासाठी मुलं वर्गात बसून गवताचा क्रूस विणतात.

त्यामागची आख्यायिका अशी. एक सरदार मरणाला टेकला होता, तापात बरळत होता. तो ख्रिस्ती नव्हता. किल्डेअरची ब्रिजिड त्याच्या उशाशी बसली. त्या काळी घरात जमिनीवर गवत अंथरत. त्यातल्याच काड्या उचलून ती विणू लागली. हे काय चाललंय, असं त्यानं विचारलं, तेव्हा कुठे ती बोलू लागली. मला या गोष्टीत हेच फार मोलाचं वाटतं: आधी हात चालले, उपदेश मागून आला.

विणायचं कसं? एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची. सगळं पाव वळसा फिरवायचं आणि पुढची काडी दुमडून आधीच्यांवर घट्ट बसवायची. असंच फिरवत, दुमडत राहिलं की मधला चौकोन भरत जातो आणि चार दिशांना चार हात फुटतात. शेवटी टोकं दोऱ्यानं बांधून कातरायची. मात्र अंगठा जरा सैल पडला की सगळं सुटतं, म्हणून शेजारच्या मुलाला मधला भाग धरायला सांगावं लागतं.

जुन्या घरांत हा क्रूस दारावर किंवा गोठ्यात लावत. आग आणि रोगराई दूर राहते, ही श्रद्धा. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगानं सुमारे ५०,००० शाळकरी मुलांकडून घरच्या थोरामोठ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्या वह्यांत ब्रिजिडच्या दिवसाच्या चालीरीतीही आहेत. २०२३ पासून तिच्या नावानं तिथे सार्वजनिक सुट्टीही मिळते.

अलीकडे काही वर्गांत गवताऐवजी कागदाच्या पट्ट्या नाहीतर लोकर गुंडाळलेली तार देतात. मला ते पटत नाही. तार वाकवली तशी राहते, तिला कुणी धरून ठेवावं लागत नाही. गवत मात्र हिरवं असतं, मग पिवळं पडतं, आक्रसतं, आणि मुलाला ते रोज दिसतं.

ऐकणाऱ्यांत कलाशिक्षक असतील, तर त्यांना माझी विनंती आहे: तयार सामान वाटू नका. मुलांना घेऊन ओढ्याकाठी जा आणि त्यांनाच गवत उपटू द्या.