रस शोषणारा पतंग : फळ बागेत, अळी बांधावर



आंबे बहाराची संत्री-मोसंबी रंगावर आली, की फळगळ वाढते. गळलेले फळ हातात घेऊन पाहा. सालीवर टाचणीएवढे छिद्र व भोवती मऊ डाग दिसेल. दाबल्यास रस येईल. आता फळ कापा. आत अळ्या असल्यास फळमाशी समजावी. नसल्यास बहुधा रस शोषणाऱ्या पतंगाचा उपद्रव असतो.

हा पतंग मोठा असतो. पुढील पंख तपकिरी, मागील नारिंगी व त्यावर काळा ठिपका. दिवसा तो पालापाचोळ्यात लपतो, अंधार पडताच बागेत येऊन टणक सोंड फळात खुपसतो. त्या छिद्रातून बुरशी शिरते व फळ सडते.

त्याची अळी मात्र संत्र्याच्या झाडावर सापडत नाही. ती बांधावरील, ओढ्याकाठच्या गुळवेल व वासनवेलीची पाने खाते. म्हणून नुसत्या झाडांवर फवारणी केल्यास खर्च वाया जातो. या वेली काढा. औषधासाठी गुळवेल राखली असल्यास अळ्या वेचून नष्ट करा. गळलेली फळे रोज पुरा, कारण त्यांच्या वासाने पतंग येतात. सायंकाळी बागेत धूर करा. पतंगाला बांध अडवत नाही, तेव्हा हे काम शेजाऱ्यांना सोबत घेऊनच करावे, ही विनंती.