होडी घेताना इंजिन किती ताकदीचं घ्यायचं?

(प्रभाग संघाच्या सभेत एका गटाच्या अध्यक्ष ताईंनी केलेलं हे बोलणं. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट केलंय.)

मैत्रिणींनो, मला सांगितलं होतं की गटाच्या धंद्याचा अनुभव सांगा. धंदा चांगला चाललाय, पण पहिल्या वर्षी आम्ही काय चुकलो ते सांगते. गेल्या महिन्यात दोन गटांच्या बाया जुनी होडी घ्यायची म्हणून विचारायला आल्या होत्या. दोघींचाही पहिला प्रश्न एकच, "ताई, पंचवीसचं इंजिन घेऊ का चाळीसचं?" म्हणलं, आधी बसा, चहा घ्या.

आम्ही धोम धरणाच्या पाण्याकाठच्या. गटातल्या चौघींच्या घरी मासेमारी पिढीजात आहे. रोहू, कटला, मृगळ, चिलापी असं मिळतं ते वाईच्या बाजारात जातं. आधी वल्ह्याची होडी होती. जाळी लांब, चार किलोमीटर वर लावलेली. वल्हवून जाऊन यायचं म्हणजे सकाळ संपायची आणि बाजार हुकायचा. म्हणून गटानं कर्ज काढलं आणि कोकणातून वापरलेली वीस फुटी फायबरची होडी आणली. मागं पंचवीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन होतं. सगळं मिळून 1 लाख 40 हजार. विकणारा म्हणाला, "ताई, समुद्रात चालत होतं, तुमच्या तळ्यात तर उडेल." आम्ही खूश!

आमचं चुकलं ते इथंच. समुद्रातल्या माणसाला भरतीच्या लाटा फोडून, वाऱ्याच्या तोंडावर परत यायचं असतं, तिथं मोठं इंजिन लागतं. आपलं पाणी धरणाचं. त्याची गरज त्याच्या पाण्याची होती, आमच्या नव्हे.

आता होडी पळते कशी ते बघा. भरलेली जड होडी पाणी कापत जाते तेव्हा ती स्वतःच पुढं एक लाट उठवते आणि त्याच लाटेवर चढायला बघते. वीस फुटी होडी ताशी दहा-अकरा किलोमीटरला पोचली की तिथून पुढं इंजिन कितीही ओढा, वेग थोडासाच वाढतो. नाक वर उठतं, मागची बाजू खाली बसते आणि पेट्रोल नुसतं फेस करण्यात जातं. हलकी, सपाट बुडाची होडी पाण्यावर उचलून पळू शकते. पण चार बाया, जाळी, माशांचे क्रेट घेतल्यावर आपली होडी ती राहत नाही.

म्हणून आधी वजन मांडा. आमचं मांडलं तर होडी साडेतीनशे किलो, चौघी अडीचशेच्या आत, ओली जाळी सत्तर, मासे शंभर, इंजिन आणि पेट्रोल ऐंशी. साडेआठशेच्या आसपास झालं, म्हणजे टनाच्या आत. थांबलेल्या पाण्यात टनाला चार-पाच हॉर्सपॉवर पुरते. उन्हाळ्यात दुपारी वारा उठतो, त्यासाठी दुप्पट धरा. म्हणजे आठ ते दहा. आम्ही घेतलेलं पंचवीस!

पहिल्या महिन्यात कोणाच्या लक्षात आलं नाही. मासे मिळत होते, पैसे दिसत होते. वही आमची सचिव लिहिते, तिनं तिसऱ्या महिन्यात पेट्रोलची पावती वेगळी मांडली. रोज पाच-सहा लिटर. टू-स्ट्रोक म्हणल्यावर वर ऑइल, लिटरला वीस मिली, ते वेगळंच. पेट्रोलचा भाव शंभराच्या वर. नंतर आम्ही 9.9 चं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं, त्याला त्याच कामाला सव्वादोन लिटर लागतं. पाऊण तास जायचं ते पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, एवढाच फरक. दिवसाला साडेतीन लिटर वाचलं की साडेतीनशेच्या पुढं झाले. महिन्यात अठरा दिवस जातो. हिशेब करा, सहा हजारांच्या वर. आमचा कर्जाचा हप्ता 6,200 होता. म्हणजे तीन महिने आम्ही एक हप्ता बँकेला देत होतो आणि दुसरा पेट्रोल पंपाला.

दुसरं एक सांगते, हे विकणारा सांगत नाही. पंचवीसचं इंजिन साठ किलोच्या आसपास वजनाचं. रात्री ते पाण्यावर ठेवलं तर चोरीची भीती, म्हणून रोज काढायचं. आम्हाला उचलत नव्हतं. मग कोणाच्या तरी नवऱ्याला, दिराला हाक मारायची. दोरी ओढून सुरू करायला पण जोर लागायचा. एक दिवस गडी मंडळी लग्नाला गेली आणि आम्ही चौघी किनाऱ्यावर बसून राहिलो, जाळ्यातले मासे जाळ्यात. 9.9 चं चाळीस किलोच्या आसपास. दोघी धरून घरी नेतात, आणि माझी सासू सोडली तर कोणीही दोरी ओढतं. सासूचा खांदा दुखतो, म्हणून.

पण उलटी चूक पण करू नका. पलीकडच्या गावात एकांनी स्वस्त म्हणून पाचचं घेतलं. ते सारखं पूर्ण जोरात चालवायला लागायचं, वारा आला की होडी जागच्या जागी. माझं म्हणणं असं की तुमचं रोजचं काम तीन-चतुर्थांश जोरात भागलं पाहिजे. उरलेला जोर अडचणीला.

आता सांगलीकडच्या मैत्रिणी विचारतील, "आमच्या कृष्णेला पूर येतो त्याचं काय?" बरोबर आहे. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तसल्या धारेत आमच्यासारखं दहाचं इंजिन पुरणार नाही. पण ब्रह्मनाळला जी होडी उलटली, तिच्यात माणसं जास्त होती. इंजिन मोठं केलं म्हणून होडीत जागा वाढत नाही. पुराच्या पाण्यात जायचं ते काम प्रशासनाच्या पथकांचं, आपण मासे धरायची होडी त्यासाठी घेऊ नये. आणि नेहमीच्या दिवशी सुद्धा जॅकेट घालायचंच, पदर खोचून.

जुनं इंजिन बघायला जाल तेव्हा आधी झाकणाला हात लावा. गरम असेल तर विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन किती ओढीत सुरू होतं ते तुम्हाला बघायचंय. सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार यायला पाहिजे, ती थंड करणाऱ्या पाण्याची. समुद्रातलं इंजिन असेल तर आत मीठ साचून ती धार बंद पडते. खालच्या गिअरच्या भागातलं तेल थोडं काढून बघा, दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय. मेकॅनिक बरोबर न्या. प्रत्येक सिलिंडरचा दाब तो मोजेल, ते आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. मेकॅनिकला पाचशे रुपये द्यायला आम्ही कंजूषी केली, ती नंतर महागात गेली.

होडी आणि इंजिन जुळतं का, हे पाण्यातच कळतं. मागची फळी हातानं हलवून बघा, मऊ लागली तर घेऊ नका. इंजिनाची दांडी दोन मापात येते, 15 इंच आणि 20 इंच. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती होडीच्या बुडाच्या बरोबरीत आली पाहिजे. दांडी आखूड झाली तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं किंचाळतं. जास्त लांब झाली तर मे महिन्यात पाणी उतरलं की चिखलात रुततं. सगळ्या जणी आणि माल भरून चाचणी घ्या. रिकाम्या होडीवर विकणारा नेहमीच खूश करतो.

इंजिन बंद करायची एक छोटी दोरी असते, ती चालवणारीच्या मनगटाला बांधलेली पाहिजे. ती पाण्यात पडली तर इंजिन थांबतं, नाहीतर होडी पंख्यासकट तिच्यावरच फिरून येते. आमच्या पहिल्या इंजिनाला ती दोरी नव्हती आणि आम्ही विचारली पण नाही.

जुनं इंजिन विकून, वर 35 हजार घालून आम्ही बदल केला. कर्जाचे अकरा हप्ते राहिलेत. कोणाला होडी बघायची असेल तर या, पण आदल्या दिवशी निरोप द्या. सकाळी सहाला आम्ही निघतो, आणि बाजारवारी थांबत नाही.