धाकट्याच्या हाताला मानवेल ती नर्फ



फोमचे मऊ डार्ट मारणाऱ्या, ‘नर्फ’ नावाच्या खेळण्यातल्या बंदुकांबद्दल आज बोलणार आहे. अमेरिकेत घरामागच्या अंगणात मुलांचे दोन गट पडतात आणि झाडाआडून, कुंपणाआडून लढाई जुंपते. तिथल्या मराठी घरांतली मुलंही त्यात असतात. या बंदुका आता आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात. त्यांतली कुठली घ्यावी? माझं सांगणं असं, की खेळणाऱ्यांत जो सर्वांत धाकटा आहे, त्याला कुणाच्या मदतीशिवाय भरता आणि उडवता येईल ती घ्यावी.

नर्फची सुरुवात बंदुकीनं झाली नाही. रेन गायर यांच्या कल्पनेतून आलेला फोमचा चेंडू पार्कर ब्रदर्स कंपनीनं 1970 मध्ये बाजारात आणला. घरात फेकला तरी काही फुटू नये, हा त्याचा गुण. डार्ट मारणारं शार्पशूटर 1992 मध्ये आलं.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. 2012 मध्ये आलेल्या ‘एलिट’ मालिकेवर सुरुवातीला 75 फूट पल्ल्याचा दावा असे. पण डार्टचं वजन जेमतेम एक ग्रॅम. हवा त्याला लगेच अडवते, वारा असला तर तो भरकटतो. नळी वर उचलून मारलं तर डार्ट लांब पडेल. नेम धरून मारायचं तर पल्ला त्याच्या निम्म्याहूनही कमी उरतो. तेव्हा पल्ल्याचा आकडा बाजूला ठेवा आणि बंदूक चालते कशी ते पाहा.

स्प्रिंगच्या बंदुकीत खटका मागे ओढला, की आतला दट्ट्या स्प्रिंग दाबून बसतो. चाप ओढला, की दट्ट्या सुटतो आणि हवेचा झोत डार्टला ढकलतो. यातल्या ‘जोल्ट’ नावाच्या बंदुकीत एकच डार्ट बसतो, ती खिशात मावते. ‘डिसरप्टर’च्या फिरत्या नळकांड्यात सहा डार्ट समोरूनच भरता येतात, म्हणून पळापळीत ती सोयीची. अडचण एकच, दर वेळी खटका ओढायला मनगटात जोर लागतो. मोठं मूल तो सहज ओढतं. लहान मूल बंदूक पोटाशी धरून झगडत राहतं आणि तेवढ्यात बाद होतं.

‘स्ट्राइफ’ची रचना निराळी. तिच्यात मोटरवर फिरणारी दोन चाकं असतात. आधी खालचं बटण दाबून चाकांना वेग येऊ द्यायचा, मग चाप ओढायचा. डार्ट चाकांमध्ये सापडून बाहेर फेकला जातो. खटका ओढण्याची गरज नाही, म्हणून ती लहान हातांना मानवते. तिला चार सेल लागतात, वाकडा डार्ट आत अडकतो, आणि चाकांच्या घरघरीनं लपलेल्याची जागा कळते. तरीही धाकट्याला मी हीच देईन आणि थोरल्याच्या हाती ‘जोल्ट’. थोरल्याला प्रत्येक डार्ट विचार करून मारावा लागेल, धाकट्याला चुकायला वाव मिळेल. कुणीही लिंबूटिंबू राहणार नाही. दोघांचाही डाव खरा होईल. ‘रायव्हल’ मालिकेतल्या बंदुका मात्र लहानांच्या खेळात आणू नका. त्या फोमच्या गोळ्या सेकंदाला 100 फूट वेगानं मारतात आणि त्या 14 वर्षांपुढच्या मुलांसाठीच आहेत.

आणि डोळ्यांचं. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये नर्फ बंदुकांनी दुखापत झालेले तीन रुग्ण नोंदवले. तिघांच्याही डोळ्यात आतून रक्तस्राव झाला होता; त्यांतला एक अकरा वर्षांचा मुलगा होता. म्हणून चष्म्यासारखं संरक्षक आवरण डोळ्यांवर चढवल्याशिवाय खेळ सुरू करू नका. जो बघायला उभा आहे, त्यालाही ते द्या. नेम छातीखाली धरायचा, जवळून मारायचं नाही, आणि टोक कडक असलेले स्वस्त डार्ट घरात आणायचे नाहीत. भारतात खेळणं घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण पाहा. 2021 पासून ती बंधनकारक आहे.

दुकानात जाताना धाकट्याला बरोबर न्या. शक्य असेल तर खटका त्याला ओढून पाहू द्या, चापापर्यंत बोट पोचतं का ते बघा. जी त्याला जमेल ती घ्या, आणि तिच्याबरोबर सगळ्यांसाठी चष्मे घ्या. पैसे दोन्हींना पुरत नसतील, तर आधी चष्मे घ्या.